गृहपाठाला मदत

११ मार्च

आज माझ्या तोंडाने माझा घात केला.

चर्चच्या तळघरात गावसभा होती. दवाखाना चालवणाऱ्या मंडळाचा माणूस फार्गो शहरातून आला होता. त्याने कागद वाचून दाखवला. डॉक्टर ब्रेकी पुढच्या वर्षी जूनअखेर निवृत्त होणार, त्यांच्या जागी यायला कोणी तयार नाही, म्हणून दवाखान्याला कुलूप. पुढचा दवाखाना अठ्ठावन्न मैलांवर. एकशेतीस माणसं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर हॉटडिशची, म्हणजे बटाटा-खिम्याच्या भाजलेल्या थराची, बशी. कोणी चकार शब्द काढला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "याहून वाईट झालं असतं." बस्स, एवढाच काय तो आमचा निषेध!

मी उठले. "लोकहो, गाय अडली तर तुम्ही बर्फाच्या वादळात जनावरांच्या डॉक्टरला घेऊन येता. आईला धाप लागली तर तिला विचारता, उद्यापर्यंत थांबशील का! कप्तान गलबत सोडून चाललाय आणि आपण त्याला केक भरवतोय!" कप्तान पहिल्याच रांगेत होता. उजवा हात खिशात, डाव्या हाताने केक खात होता. एवढं बोललं तरी हात खिशातून निघाला नाही. असली बेफिकिरी मला सहन होत नाही. मी ओरडले, "कोणीच येत नसेल तर त्या खुर्चीवर मी बसेन!"

आमची पोस्टमास्तरीण आर्डिस लॉकन, जी सभेचं इतिवृत्त लिहिते, मान वर न करता म्हणाली, "बरं. मग ठरलं." आणि तिने लिहून घेतलं. आमच्या गावात इतिवृत्तात गेलेली गोष्ट खोडत नाहीत.

घरी येताना एल्डनने गाडी चालवता चालवता विचारलं, "बाईसाहेब, त्या खुर्चीवर बसायला काही शिकावं लागतं ना?"

"गप्प बस," मी म्हटलं. नवऱ्याने योग्य प्रश्न अयोग्य वेळी विचारू नये.

१४ मार्च

शिकावं लागतं. मी एकतीस वर्षं नर्स आहे, त्यातली एकोणीस कॉलेजात शिकवण्यात गेली. पदव्युत्तर पदवी आहे, पण ती शिकवण्यातली. रोगी स्वतः तपासून, निदान करून, औषध लिहून द्यायचं तर फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं प्रमाणपत्र पाहिजे. पदवीनंतरचा अभ्यासक्रम ऑनलाइन मिळतो. चार सत्रं, सहाशे पन्नास तास कोणातरी डॉक्टरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, शेवटी राष्ट्रीय परीक्षा. पुढच्या जूनपर्यंत जेमतेम बसतं.

मी सत्तावन्न वर्षांची आहे. निम्म्या राज्याला मी शिकवलं. आता मला कोण शिकवणार?

२० मार्च

प्रवेशाच्या अर्जावरच डॉक्टरची सही लागते, की तुझे तास मी भरून घेईन. साठ मैलांच्या परिघात डॉक्टर एकच. नऊ दिवसांपूर्वी मी ज्याला पळपुटा कप्तान म्हटलं, तोच.

गेले. लेफ्साच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या, डझनभर गुंडाळ्या बरोबर नेल्या. माफी मागायला नाही, अन्न म्हणून.

"डॉक्टर, मी सभेत जे बोलले ते तत्त्वाचं बोलले."

"ऐकलं मी. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं," ते म्हणाले. "कागद दे. आणि जरा खिडकीतून बघ गं, तुझ्या गाडीला कोणी ठोकलं वाटतं."

मी बघितलं. कोणी ठोकलं नव्हतं. वळले तेव्हा सही झालेली होती, मुंगीच्या पायाएवढी. चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस, आणि सहीत एवढा चिकूपणा. शाईलासुद्धा कंजूष!

६ मे

पहिला वर्ग. पडद्यावर बावीस चौकोन, माझ्या चौकोनात नुसतं कपाळ. बाकी सगळी मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची. मागून एल्डन अंतर्वस्त्रावर कॉफी घ्यायला गेला, ते बावीस जणांनी पाहिलं.

प्राध्यापिका डॉ. पाचेको न्यू मेक्सिकोतल्या. पस्तिशीच्या असतील, आवाज मऊ, नजर करवंदीच्या काट्यासारखी. चर्चेत प्रत्येकाने अडीचशे शब्दांत मत लिहायचं. अडीचशे शब्दांत तर माझा नमस्कारही संपत नाही! नऊशे ऐंशी लिहिले. उत्तर आलं: "उरलेले पुढच्या आठवड्यासाठी जपून ठेवा."

१८ जून

औषधशास्त्राचं पुस्तक साडेतीन किलोचं आहे. कोंबड्यांच्या दाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिलं.

एल्डनला कुंपण दुरुस्त करायला पाठवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर तीनदा खांबाला टेकून उभा. जाऊन विचारलं, "काय चाललंय?"

"आभाळ बघतोय."

ज्या माणसाने चाळीस वर्षं आभाळाकडे फक्त पाऊस येतो का हे बघायला मान वर केली, त्याला सहासष्टाव्या वर्षी निसर्गप्रेम सुचलंय. आणि ते नेमकं खांब पुरायच्या दिवशी. मी त्याला श्रमप्रतिष्ठेवर चार शब्द सुनावले. तो म्हणाला, "छान बोलतेस," आणि पुन्हा आभाळ बघायला लागला.

९ सप्टेंबर

चर्चमध्ये एल्डन दुसऱ्या कडव्यानंतर गायचा थांबला. मी कोपराने ढोसलं. "श्वास पुरवून वापरतोय," म्हणाला. घोगऱ्या आवाजापासून मंडळींची सुटका झाली म्हणून मीही आग्रह केला नाही.

शरीर तपासणीचा विषय सुरू झालाय. शेवटी मोठी परीक्षा अशी: घरातल्या एका मोठ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, पंचेचाळीस मिनिटांत, हातात कागद नाही, काय करतो आणि काय आढळतं ते मोठ्याने बोलत. सगळं चित्रित करून पाठवायचं. ऐंशी गुण हवेत. एकदाच पुन्हा संधी. दुसऱ्यांदाही घसरलात तर अभ्यासक्रमातून नाव कमी.

मोठ्याने बोलायचं! ही परीक्षा माझ्यासाठीच काढली असावी.

४ ऑक्टोबर

झाली. पाहुण्यांच्या खोलीत एल्डनला चादर गुंडाळून बसवला. कॅमेरा कपाटावर. मी बोलू लागले आणि मला स्वतःलाच वाटलं की वा! गेले महिनाभर न्हाणीघरात, गोठ्यात, गाडीत पाठ केलेलं सगळं धबधब्यासारखं. "बाहुल्या सारख्या, गोल, प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या. फुप्फुसं दोन्हीकडे स्वच्छ. हृदयाचे ठोके नियमित, दुसरा कुठलाही आवाज नाही." डोळे तपासताना खेड्यातल्या लोकांना चष्मा मिळत नाही यावरही दोन मिनिटं बोलले, कारण ते बोलणं आवश्यकच आहे. एल्डन फार तर एकदा डुलकला. एक्केचाळीस मिनिटं. कुत्र्याने शेपूट हलवली.

११ ऑक्टोबर

एकाहत्तर.

डॉ. पाचेकोंचा शेरा इथे उतरवून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही. "सतरा मिनिटं चाळीस सेकंदांना तुम्ही म्हणालात, 'दुसरा कुठलाही आवाज नाही.' सतरा मिनिटं बावन्न सेकंदांना स्टेथोस्कोप छातीला लागला. भाषण मला आवडलं. तपासणी झालेली दिसली नाही."

बारा सेकंद! बारा सेकंदांसाठी माझी एकतीस वर्षं!

तीनदा चित्रीकरण पाहिलं. खरं आहे. स्टेथोस्कोप छातीवर ठेवला तेव्हा मी पोटाबद्दल बोलत होते.

१३ ऑक्टोबर

डॉक्टर ब्रेकींकडे जाऊन शिक्षणव्यवस्थेच्या नावाने शंख केला. त्यांनी वीस मिनिटं ऐकलं. माणसाला ऐकायला इतकं आवडतं की आळस आहे, कळत नाही. मग डाव्या हाताने खण उघडून त्यांनी प्लास्टिकची एक पिवळी कोंबडी काढली. अंडी उकडताना लावायचं घड्याळ. मान पिळली की टिकटिक करतं आणि वेळ भरली की किणकिणतं.

"तीन मिनिटं लाव. माणूस समोर बसला की तीन मिनिटं एक अक्षर बोलायचं नाहीस."

"आणि तोही बोलला नाही तर?"

"तर तुला कळेल की तो आपल्या गावचा आहे. तरीही थांब."

"डॉक्टर, गप्प बसणं हा उपचार नाही. गप्प बसूनच हे गाव मरतंय!"

"हं," ते म्हणाले. "कोंबडी घेऊन जा."

१६ ऑक्टोबर

आर्डिसवर प्रयोग केला. पोस्टात, गिऱ्हाईक नसताना. कोंबडी काउंटरवर ठेवली आणि ओठ मिटले. पहिलं मिनिट तिने तिकिटं मोजली. दुसऱ्या मिनिटाला चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्याला काउंटर ओलांडून बाहेर आली आणि माझ्या कपाळाला हात लावला. "रॅग्ना, तुला अर्धांगवायू तर नाही ना झाला? एल्डनला फोन करू?"

२ नोव्हेंबर

पुन्हा चित्रीकरण. तीच खोली, तीच चादर, तोच एल्डन. कपाटावर कॅमेरा, शेजारी कोंबडी.

डोकं, डोळे, कान, मान नीट झालं. हळू बोलले. मग स्टेथोस्कोप छातीवर ठेवला आणि तोंड बंद केलं. उजवीकडे, वरून दुसऱ्या फासळीच्या खाली.

आवाज होता.

ठोका, मग करवतीने ओलं लाकूड कापावं तशी खरखर, मग दुसरा ठोका. पुन्हा ठोका, खरखर. मला वाटलं चादर घासतेय. चादर बाजूला केली. खरखर. त्याला पुढे वाकवलं, श्वास रोखायला सांगितलं. खरखर वाढली. स्टेथोस्कोप मानेवर ठेवला, तिथेही ती चढलेली.

मी किती वेळ ऐकत होते कोण जाणे. कोंबडी किणकिणून गप्प झाली. एल्डन म्हणाला, "बाईसाहेब, आवाज गेला का तुमचा?"

मी काही बोलले नाही. खरं म्हणजे बोलवलंच नाही. तेव्हा तो आपणहून म्हणाला, चादरीकडे बघत, "चढावर छाती जरा आवळते. गोठ्यात दोनदा अंधारी आली. वाईट नाही तसं. याहून वाईट असतं."

"कधीपासून?"

"मागच्या वर्षीची कापणी."

खांब. आभाळ. दुसरं कडवं.

पोट आणि पाय तपासायचे राहिले. त्याला शर्ट घातला, गाडीत बसवलं आणि थेट डॉक्टर ब्रेकींच्या घरी. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "झडप," ते म्हणाले. "महाधमनीची. दगडासारखी झालीय. उद्याच फार्गोला जा." आणि मग माझ्याकडे बघून, "ऐकलंस तू."

आयुष्यात हजार टाळ्या घेतल्या. या दोन शब्दांनी मला रडू आलं, आणि तेही त्या माणसासमोर!

अर्धवट चित्रीकरण संध्याकाळच्या आत पाठवलं, कारण मुदत आजचीच होती. खाली एक ओळ लिहिली: "पुढची तपासणी झाली नाही." कारण दिलं नाही. नवऱ्याच्या हृदयावर मी गुण मागणार नाही.

१९ नोव्हेंबर

झाली शस्त्रक्रिया. छाती उघडावी लागली नाही, मांडीतल्या रक्तवाहिनीतून वर जाऊन नवी झडप बसवली. सर्जन पोरगेला होता. त्याने विचारलं, "काका, एवढे दिवस कोणाला सांगितलं का नाही?"

एल्डन म्हणाला, "घरात बोलायला एक माणूस पुरेसा आहे."

तो हसला, सर्जन हसला, नर्सही हसली. मीही हसले. मग बाहेर येऊन यंत्रातली भिकार कॉफी प्याले, दोन पेले.

२४ नोव्हेंबर

डॉ. पाचेकोंचं पत्र. "अर्धी तपासणी पास करता येत नाही, नियम आहे. पण मी हा प्रयत्न धरलेला नाही. दहा दिवसांत दुसऱ्या माणसावर नवा पाठवा. पोट विसरू नका. तुमचे यजमान कसे आहेत? मी ते शांत मिनिट आवाज वाढवून ऐकलं. मला अर्थातच काही ऐकू आलं नाही. तुमचा चेहरा दिसला."

या बाईंबद्दल मी इथे मे महिन्यापासून जे जे लिहिलं आहे, ते परत घेते. काट्याचं तेवढं राहू दे.

२७ नोव्हेंबर

डॉक्टर ब्रेकींना म्हटलं, "चादर गुंडाळून तुम्हीच बसा. तुमच्यापेक्षा चांगला रोगी कोण?"

"कोणीही," ते म्हणाले, हात खिशात घालून. "मला कंबरेचा त्रास आहे."

चाळीस वर्षं गावाला उघडं केलं आणि स्वतः चादर गुंडाळायला लाजतात! पुरुषी अहंकार, दुसरं काय.

दुपारी आर्डिस घरी आली. हातात लेमन बारचा, लिंबाच्या गोड वड्यांचा, डबा. "तुझ्या गृहपाठाला माणूस हवाय म्हणे. मी मदत करते. मला काही झालेलं नाही हं. नुसती मदत."

३ डिसेंबर

आर्डिसची तपासणी पाठवली. चव्वेचाळीस मिनिटं. पायांशी पोचले तेव्हा तळव्याला लावलेला धागा तिला कळलाच नाही, आणि अंगठ्याखाली जखम होती, ती तिला ठाऊकच नव्हती. साखर तपासायला डॉक्टरांकडे पाठवली. मदत करायला आली आणि बिचारीला मधुमेह निघाला! योगायोग.

९ डिसेंबर

त्र्याण्णव! पास! सात गुण कापले. शेरा: "काय आढळतं ते अधूनमधून मोठ्याने बोलायला हवं होतं. तुम्ही फार गप्प होता."

एल्डनने तो कागद फ्रिजच्या दारावर लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

१६ फेब्रुवारी

जानेवारीपासून डॉक्टरांच्या दवाखान्यात तास भरतेय. एकशे चाळीस झाले. उणे तीस तापमानातही गावाला शिक्षणाची केवढी आस्था आहे हे पाहून मी थक्क झालेय. या लोकांबद्दल मी सभेत किती कठोर बोलले! गेरहार्ट स्टेनेरुड, जो वीस वर्षांत दवाखान्याची पायरी चढला नाही, तो टोपी हातात घेऊन उभा. "रॅग्ना, ऐकलं तुला गृहपाठाला माणसं लागतात. मला वेळ आहे." कोंबडी लावली. अडीच मिनिटांनी म्हणाला, थुंकीत रक्त येतं. त्याच्या मागोमाग त्याची वहिनी, तीही मदतीला. काल तर रांग लागली होती.

मी डॉक्टरांना म्हटलं, "एवढ्या गृहपाठाची मला गरजच नाही. यांना सांगू का, की तपासणीचा विषय डिसेंबरातच संपला?"

डॉक्टरांना कॉफीचा ठसका लागला. बराच वेळ. "नको," डोळे पुसत म्हणाले. "मन मोडेल त्यांचं."

२ मे

सहाशे पन्नास तास पूर्ण. पण विद्यापीठाने तासांचा तक्ता परत पाठवलाय. म्हणे, डॉक्टरांच्या सह्या वाचता येत नाहीत, शेवटच्या तर ठिपक्यासारख्या आहेत. मी भिंग घेऊन पाहिलं. खरंच, जानेवारीच्या मुंग्या एप्रिलपर्यंत चिलटं झाल्या आहेत. रागाने तक्ता पुढे टाकला. "डॉक्टर, माझं वर्ष पणाला लागलंय आणि तुम्हाला मोठ्या अक्षरात सही करवत नाही?"

ते नुसते म्हणाले, "दार लावून घे. बाहेर थांब." पाऊण तासाने तक्ता हातात दिला. प्रत्येक सही मोठी, वेडीवाकडी, शाळकरी पोराने गिरवल्यासारखी. घामाने शर्ट भिजला होता. उन्हाळा यंदा लवकर आलाय.

२० जून

राष्ट्रीय परीक्षा पास. राज्याचा परवानाही आला. रॅग्ना टॉल्फसन, फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. मंडळाने कळवलं की दवाखाना चालू राहील. आर्डिसने पोस्टाच्या दारावर चिठ्ठी लावली: "ठरलं होतं त्याप्रमाणे झालं."

२८ जून

डॉक्टरांचा निरोप समारंभ. तेच तळघर, तीच माणसं, तोच केक. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून खुर्चीत नीट बूड टेकलं, लांबलचक भाषणाच्या तयारीनं.

मी म्हटलं, "गेल्या वर्षी मार्चमध्ये मी या माणसाला गलबत सोडून जाणारा कप्तान म्हटलं होतं. ते चूक होतं. त्याने पंधरा महिने मला सुकाणू धरायला शिकवलं." आणि बसले.

भाषण चाळीस सेकंदांत संपलं. आर्डिसने लेखणी थांबवून विचारलं, "झालं?"

"झालं."

"तब्येत बरी आहे ना तुझी?"

शेवटच्या भजनाला एल्डनने चारही कडवी म्हटली. एकही सूर जागेवर नव्हता. मी ढोसलं नाही.

१ जुलै

पहिला दिवस. सात वाजता दार उघडलं. खुर्ची पुसली, बसले. मेजावर पिवळी कोंबडी, पेन्सिल, नवी वही.

पहिलाच माणूस आत आला आणि मी उठून उभी राहिले. डॉक्टर ब्रेकी. धुतलेला सदरा, उजवा हात खिशात. ते इकडच्या खुर्चीकडे पाहून थबकले, मग रोग्याच्या खुर्चीवर बसले. चाळीस वर्षांत त्या खुर्चीवर ते पहिल्यांदाच बसले असतील.

"गृहपाठाला मदत करायला आलोय," ते म्हणाले.

"आता कसला गृहपाठ, डॉक्टर!" हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिथेच थांबलं, आणि त्याच्या मागे सगळा हिवाळा आठवला. गेरहार्टची टोपी, आर्डिसचे लेमन बार, कॉफीचा ठसका. एक सबंध गाव माझ्यासमोर रांग लावून उभं होतं आणि मी त्यांच्या शिक्षणप्रेमाचं कौतुक करत होते.

मी कोंबडीची मान पिळली.

पहिलं मिनिट त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला भिंतीवरच्या माझ्या प्रमाणपत्राकडे. मग उजवा हात खिशातून काढला आणि मेजावर, कोंबडीच्या शेजारी ठेवला. हाताच्या कंपाने पेन्सिल लाकडावर टकटक वाजू लागली. कोंबडीची टिकटिक आणि ती टकटक, दोन्ही एकदम ऐकू येत होत्या. मुंग्या, चिलटं, ठिपके, महिन्यामहिन्याने बारीक होत गेलेल्या त्या सगळ्या सह्यांच्या प्रती माझ्याच कपाटात आहेत, आणि मी त्यांना कंजुषी म्हणत होते.

ते अजून बोलले नव्हते. कोंबडी किणकिणली. मी तिला पुन्हा तीन मिनिटांची किल्ली दिली.